काळ्या नदीतलं बावीस कॅरेट

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर, असं मुलाने मला फोनवर सांगितलं होतं आणि मी ते शब्दशः खरं मानलं. त्यामुळे जळगावहून निघतानाच मी त्या हिशेबाने सामान भरलं. छोटं पोळपाट, लाटणं, आलं ठेचायला लोखंडी खलबत्ता, उशीची दोन कव्हरं. मुलगा गाडी चालवील, मी मागच्या घरात पलंगावर आडवी होऊन खिडकीतून जर्मनी बघीन, कंटाळा आला की उठून चहा टाकीन, असं माझं चित्र होतं. ते ड्रेस्डेनमध्ये, मुलाच्या दारातच पुसलं गेलं.

"आई, मागे बसता येणार नाही. गाडी चालू असताना आत माणूस नको, कायदा आहे."

"मग ते घर ओढायचं कशाला?"

"तिथे पोचल्यावर राहायला."

म्हणजे मागे दोन पलंग, ओटा, शेगडी, फ्रीज असलेलं रिकामं घर डुलत येणार आणि पुढे मोटारीत आम्ही पाच जणं गुडघे पोटाशी घेऊन बसणार. मी, आमचे हे आणि सात वर्षांची नात मागच्या सीटवर, मुलगा-सून पुढे. नातीची ती मुलांची खास खुर्ची इतकी ऐसपैस की आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या वाट्याला मिळून एक माणूसभर जागा आली. खलबत्ता माझ्या मांडीवर, कारण डिकीत जागा नव्हती आणि मागच्या घराला तोवर कुलूप लागलं होतं. मी हे स्पष्ट सांगते, कारण मुलगा अजून सगळ्यांना सांगतो की आईला ट्रिप फार आवडली. आवडली, पण शेवटी. सकाळी माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

ही ट्रिप ह्यांच्यासाठी होती, हे आधी सांगायला हवं.

आमचे हे सोनार. जळगावच्या सराफ बाजारात पेढी, पेढी म्हणजे अशी काचेची, एसीची नव्हे. पुढे गादी आणि मागे ऐरण. पन्नास वर्षं ह्यांनी स्वतःच्या हाताने दागिने घडवले आणि गावातल्या पोरांचे कान टोचले. मांडीवर पोर, एका हाताने कानाची पाळी धरायची, काहीतरी बडबडायचं, आणि पोराने 'आं' करायच्या आत तार आरपार. लोक म्हणायचे, ह्यांचा हात लागला की पोर रडत नाही. मग दोन वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना काय जातं म्हणायला. एका दुपारी शेजारच्यांच्या बाळाचा कान टोचताना तार जरा तिरकी गेली. कोणी ब्र काढला नाही, बाळाच्या आईनेसुद्धा नाही. पण महिन्याभरात ह्यांनी पेढी बंद केली, हत्यारं एका ओळखीच्या कारागिराला देऊन टाकली आणि घरी येऊन बसले. तेव्हापासून ह्यांनी सोन्याला हात लावला नव्हता. 'पुढच्या दिवाळीला', 'पुढच्या वेळी', असलं काही बोलायचेच बंद झाले. मी एकदा म्हटलं, पुढच्या वर्षी गच्चीला पत्रे टाकू या. म्हणाले, तू टाक.

आणि ह्यात अडकले होते नातीचे कान. आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराचे कान ह्यांनी टोचलेले, अगदी आमच्या मुलाचेही. नातीसाठी ह्यांनी ती लहान असतानाच सोन्याच्या तारेची सुंकली करून ठेवली होती. कान टोचताना घालतात ती एवढीशी गोल कडी, तिला आमच्याकडे सुंकलं म्हणतात. पण ती पोरं भारतात आली तेव्हा नातीला कांजिण्या निघाल्या, आणि नंतर ह्यांचा हात असा झाला. आता नातीच्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या कानात काहीतरी चमकतं, तिलाही हवंय. मी सुंकल्यांची डबी पर्समध्ये घालून आणली होती. पहिल्याच दिवशी ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी झाकणही उघडलं नाही.

"तार तिरकी गेली तर आयुष्यभर आरशात आजोबा दिसेल तिला," म्हणाले.

सूनबाई बिचारी समजूतदार. तिने बालरोगतज्ज्ञाकडे मंगळवारची टर्मिन, म्हणजे ठरवलेली वेळ, घेऊन टाकली. जर्मनीत टर्मिनशिवाय पान हलत नाही हे मला कळलं होतं, पण कान टोचायला टर्मिन! तिथे मशीन लावतात म्हणे, खटकन. आमचं विमान बुधवारचं. म्हणजे सोनाराच्या नातीचे कान सोनार घरात असताना मशीन टोचणार. मला ते सहनच होत नव्हतं. नातीच्या कानांसाठी नाही हो, ह्यांच्यासाठी. मंगळवारी मशीनने ते काम केलं, की हे कायमचे घरी खुर्चीत बसून राहणार, हे मला दिसत होतं.

म्हणून मुलाने ही शक्कल काढली. थुरिंगियाच्या जंगलात जुनी सोन्याच्या खाणींची वस्ती आहे, खाणी कधीच्या बंद झाल्या, पण नदीत अजून सोन्याचे कण येतात आणि हौशी लोक ते धुऊन काढतात. पन्नास वर्षं सोनं हाताळलेल्या माणसाने सोनं मातीतून निघताना कधी पाहिलेलं नाही. बाबांना बरं वाटेल, म्हणाला. मीही म्हटलं, चला.

रस्त्यात काय पाहिलं म्हणाल तर ट्रकची मागची बाजू. कॅरॅव्हॅन जोडली की वेगावर बंधन, त्यामुळे आम्ही उजवीकडच्या रांगेत ट्रकांच्या मधे, आणि डावीकडून लोक सूं सूं निघून जात होते. हे काचेतून बाहेर बघत होते. नात मध्येच ह्यांच्या हातावर बोटाने काहीतरी काढत होती. तिचं-ह्यांचं सुरुवातीला एक महाभारत झालं होतं. पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर देते जर्मनमध्ये. आल्या आल्या ह्यांनी विचारलं, "गोष्ट सांगू?" ती म्हणाली, "या!" हे खुशीत जवळ सरकले. पण जर्मन 'हो' नेहमी असा गोड येत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मी जवळ बसू?" ती चित्रं रंगवत होती, मान खाली घालूनच तुटकपणे म्हणाली, "जा." हे उठले आणि खरंच आतल्या खोलीत जाऊन बसले. अर्धा तास! शेवटी सूनबाईने समजावलं की ते 'हो' आहे, कधी 'या' ऐकू येतं, कधी 'जा'. हे म्हणाले, "काय भाषा आहे, ये म्हटलं काय आणि जा म्हटलं काय, एकच." तेव्हापासून ते नातीला मुद्दाम विचारायचे, आणि ती 'जा' म्हणाली की उठून दोन पावलं जाऊन परत यायचे. तेवढाच काय तो त्या घरात ह्यांचा खेळ.

दुपारी बाराच्या सुमारास कँपिंगच्या जागी पोचलो. आजूबाजूला काळेभोर सुरूसारखे उंच वृक्ष, उतारावर स्लेटच्या काळ्या कौलांची घरं, आणि खाली नदी. तिचं नाव श्वार्त्सा, म्हणजे काळी. काळी नदी आणि तिच्यात पिवळं सोनं, मला जरा बरं वाटायला लागलं.

आता कॅरॅव्हॅन मागे घेऊन जागेवर लावायची होती. ज्यांनी हे केलं नसेल त्यांना सांगते: स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅरॅव्हॅन उजवीकडे जाते. माझा मुलगा जगातल्या बारीकातल्या बारीक चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, पण त्याला घाम फुटला. कँपिंगचे मालक मागे उभे राहून हात हलवत होते, "जा, जा, जा!" म्हणजे येऊ दे, बरोबर आहे. हे दुसऱ्या बाजूला उभे. ह्यांना कुंपण जवळ येताना दिसलं, तसे हे ओरडले, "अरे पुढे जा! जा! जा!" मालकांना वाटलं, आजोबाही आपलंच म्हणतायत. त्यांनी आणखी जोरात हात हलवला. "जा! जा!" "जा रे! जा!" दोघांचं एकमत झालेलं पाहून मुलाने बिनधास्त मागे घेतली आणि आमचं घर हळूच मेंदीच्या कुंपणात जाऊन बसलं. काही मोडलं नाही. मालक म्हणाले, ठीक आहे, इथेच छान दिसतंय.

जेवून नदीवर गेलो. तिथे सोनं धुवायला शिकवणारे एक आजोबा होते, ह्यांच्याच वयाचे, टोपीला पीस खोचलेलं, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांनी प्रत्येकाला एक रुंद थाळी दिली, पसरट, कडेला चर असलेली, आणि खोरं. मग दहा मिनिटं जर्मनमध्ये भाषण केलं. मुलगा भाषांतर करत होता, पण नात पाण्यात उतरली म्हणून मध्येच धावला आणि शेवटचा भाग आम्हाला कळला नाही. हा शेवटचा भाग पुढे माझ्या मुळावर आला.

टोपीवाले आजोबा पाण्यात उकिडवे बसले, थाळीत वाळू घेतली आणि गोल गोल हलवून दाखवू लागले. हे बघत उभे होते. मग ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"हे तर झारेकरी," म्हणाले.

सराफ बाजारात पहाटे झारेकरी यायचे. सोनारांच्या दुकानापुढची धूळ झाडून न्यायचे, गटारातला गाळ उपसायचे आणि घमेल्यात धुऊन त्यातून सोन्याचा कण शोधायचे. आमचे हे त्यांच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत, पण गादीवर बसणारा गादीवर आणि गटारात बसणारा गटारात, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

"पन्नास वर्षं गादीवर बसलो," हे म्हणाले, "आणि शेवटी लेकाने विमानाने आणून नाल्यात बसवला."

"अहो, नदी आहे ती."

"धुतात तेच ना?"

मुलाचा चेहरा एवढासा झाला. पण नातीने थाळी उचलली, ह्यांचा हात धरला आणि ओढत पाण्यात नेलं. तिला नाही म्हणणं ह्यांना जमत नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खिशातलं भिंग सांभाळत, आमचे हे श्वार्त्सा नदीत उकिडवे बसले. ते भिंग तेवढं ह्यांनी कारागिराला दिलं नव्हतं. सदरा बदलला की भिंग नव्या खिशात जायचं, अगदी देवळात जातानासुद्धा.

वाळू पुरवायचं काम माझ्याकडे आलं. मोठ्या दगडांच्या बुडातली वाळू खरवडून बादलीत भरायची आणि ह्यांच्या थाळीत ओतायची. हे धुवायचे, शेवटी तळाशी काळी रेती उरायची, त्यात काही नाही. पुन्हा वाळू. पुन्हा काही नाही. तासभर झाला. पलीकडचं एक जर्मन जोडपं अधूनमधून आनंदाने ओरडायचं आणि बाटलीत काहीतरी भरायचं. ह्यांची थाळी रिकामीच. मग मुलगा शेजारी येऊन बसला, आणि मी बादली घेऊन मागे उभी असताना ह्यांचं वाक्य कानावर पडलं.

"बघितलंस? हा हात आता सोन्यालाही नको झालाय. मंगळवारची टर्मिनच बरी."

माझं डोकं फिरलं. खरंच सांगते, पुढचा-मागचा विचार केला नाही. झाडीआड गेले, पर्समधली डबी काढली, त्यातलं एक सुंकलं एका दगडावर ठेवलं आणि दुसऱ्या दगडाने ठोकलं. चांगलं चार-पाच वेळा ठोकलं, म्हणजे ओळखू येणार नाही. कडीचा वेडावाकडा गोळा झाला, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. दिसायला अगदी नदीतून आल्यासारखा, असं मला वाटलं. गळ्यातला मणी टाकला असता, पण ह्यांनी ओवलेली माळ, एक मणी कमी झालेला ह्यांना लांबून दिसला असता. सुंकल्याचं पुढे काय सांगायचं, एकाच सुंकल्याने दोन कान कसे टोचायचे, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. फक्त ह्यांना सोनं सापडायला हवं होतं, बस. वाळूच्या बादलीत तो गोळा अंगठ्याने खोल दाबला आणि सगळी बादली ह्यांच्या थाळीत ओतली.

हे धुवायला लागले. मी देवाचं नाव घेत उभी. नात वाकून बघत होती. वरची वाळू गेली, खडे गेले, काळी रेती उरली, आणि तिच्या मधोमध तो बसला होता, पिवळाधमक.

"आबा! गोल्ड!" नात किंचाळली.

आणि मग जे झालं त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं. टोपीवाले आजोबा पाण्यातून धबाधबा चालत आले, थाळीत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. जोरात शिट्टी मारली. जर्मन जोडपं थाळ्या टाकून आलं. कँपिंगचे मालक आले. कोणीतरी फोटो काढले. टोपीवाले ह्यांचा हात हातात घेऊन हलवतच राहिले. मुलगा पांढराफटक.

"आई," तो म्हणाला, "इथे रव्यापेक्षा बारीक कण मिळतात. त्यांनी मघाशी सांगितलं, मोहरीएवढा मिळाला तरी वर्षभर गावात त्याच्या गप्पा होतात."

तो भाषणाचा शेवटचा भाग!

"मग?"

"मग एवढा मोठा त्यांनी जन्मात पाहिला नाही. ते म्हणतायत, नोंद करायला हवी. फॉर्म आहे. आणि तुकडा तपासायला पाठवायचा."

"परत कधी मिळेल?"

त्याने विचारलं. "काही आठवड्यांनी, म्हणतायत."

टोपीवाल्यांनी तोवर बुटाच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फॉर्म काढला होता. हा देश बुटात फॉर्म घेऊन फिरतो! माझ्या नातीचं सुंकलं कुठल्या तरी कचेरीत जाऊन पडणार, त्यावर शिक्का बसणार, आणि आमचं विमान बुधवारी. मी कबूल करायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ह्यांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. ह्यांनी खिशातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि तो गोळा चिमटीत धरून बघायला लागले. हात थरथरत होता, पण हे बघत राहिले. फिरवून बघितला. नखाने दाबून बघितला. पेढी बंद झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांच्या हातात सोनं मी पाहत होते, आणि मला रडू यायला लागलं, भीतीने की कशाने कोण जाणे.

"बावीस कॅरेट," हे म्हणाले. मग भिंगातून नजर न काढताच मला विचारलं, "कोणता दगड घेतलास ठोकायला?"

"मी?"

"एका बाजूला माझ्या पकडीची खूण आहे. तेवढी ठोकायची राहिली."

मी पदराने तोंड झाकलं. आणि आमचे हे हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग उकिडवे बसलेले हे मागे कलंडले आणि थेट पाण्यात बसले, कमरेपर्यंत भिजले आणि तरी हसतच होते. मुलगा त्यांना उठवायला गेला तो स्वतःच हसून पाण्यात बसला. सूनबाई काठावर डोळे पुसत होती. नातीला काही कळलं नाही, पण आबा हसतायत म्हणून ती उड्या मारत होती. मी मात्र रागावले. एवढा जीव काढून केलं, आणि मला हसतात!

मुलाने टोपीवाल्यांना सगळं सांगितलं. ते फार गंभीरपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी फॉर्मचे नीट चार तुकडे केले, काठावर जाऊन कागदाच्या वेगळ्या डब्यात टाकले, परत आले आणि वाकून माझ्याशी हात मिळवला. मग ह्यांच्या थाळीत सहज नजर टाकली आणि थबकले.

"मोमेंट," म्हणाले.

गोळा काढल्यावर उरलेल्या काळ्या रेतीत, अगदी कडेला, तीन ठिपके होते. रव्याहून बारीक. त्यांनी बोटाच्या टोकाने एक उचलून उन्हात धरला. तो चमकला.

ह्यांनी भिंग लावलं. "हे खरं," म्हणाले. "हे हिचं नाही."

टोपीवाले आता ह्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी ह्यांचं मनगट धरलं, थाळी पुन्हा हातात दिली आणि म्हणाले, "गेनाऊ. गेनाऊ सो." मुलाने भाषांतर केलं: बरोबर, अगदी असंच. नवखे लोक धुणं आपटल्यासारखी थाळी आपटतात आणि सोनं पाण्याबरोबर घालवतात. अशी बारीक, न थांबणारी थरथर हवी, म्हणजे जड कण खाली बसतो. त्यांना ती जमायला दोन वर्षं लागली. तुमचे वडील ती येतानाच घेऊन आलेत.

हे आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ बघत बसले. मग तीन कण बाटलीत भरून नातीला दिले आणि म्हणाले, "चला, भिजलोय, थंडी वाजतेय."

कॅरॅव्हॅनवर आल्यावर कपडे बदलले, मी चहा टाकला, आलं ठेचलं. ह्यांनी माझ्याकडे हात पसरला.

"आण ती डबी."

मी दिली. ह्यांनी छोट्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली. "एक सुंकलं आणि एक भाकरी," म्हणाले. "काय करायचं हिचं आता?"

"तुम्ही सांगा. मी मोडलं."

"तू मोडलंस म्हणून मला करावं लागणार."

मी निमूट चहा गाळत राहिले. ह्या वेळी तरी मला अक्कल होती.

मग ह्यांनी फर्मानं सोडली. शेगडी बारीक कर. सुनेचा भुवयांचा चिमटा आण. तिची नखं घासायची कानस आण. हातोडी दे. मुलाने तंबूचे खुंटे ठोकायची आणली, तर म्हणाले, ही म्हैस बांधायला ठेव. शेवटी माझ्या खलबत्त्याचा बत्ता घेतला. ऐरण नव्हती. हे बाहेर जाऊन गाडीभोवती फिरून आले आणि मोटारीच्या मागे, जिथे कॅरॅव्हॅन अडकवतात, तो आता मोकळा असलेला पोलादी गोळा बोटाने वाजवून बघितला. फडक्याने पुसला आणि त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले. कँपिंगचे मालक कुंपणापलीकडून बघत होते, पण ह्या वेळी एकही 'जा' म्हणाले नाहीत.

सोनं शेगडीवर लाल करायचं, थंड करायचं, गोळ्यावर धरून ठोकायचं, पुन्हा लाल. ऊन उतरेपर्यंत ते चाललं होतं. ठोका चुकायचा. हे थांबायचे, हात मांडीवर ठेवायचे, थरथर जरा निवली की पुन्हा. मला वाटलं चिडतील. नाही चिडले. मुलगा चिमटा धरून शेजारी बसला होता. लहानपणी त्याला पेढीवर बसवायला गेलं की तो अभ्यासाचं पुस्तक घेऊन पळायचा. आता तासभर जागचा हलला नाही. म्हणाला, "बाबा, आमच्या कारखान्यातही सोन्याची तार असते. केसापेक्षा बारीक."

"दिसते?"

"सूक्ष्मदर्शकातून."

"मग तुझा हात थरथरत नसणार."

"नाही थरथरत."

ह्यांनी पुन्हा बत्ता उचलला. सुंकलं झालं. पहिल्याइतकं गोल नव्हतं, एका जागी किंचित चपटं होतं. सूनबाईने दोन्ही उकळून काढली, नातीचे कान स्पिरिटने पुसले. कॅरॅव्हॅनच्या पायरीवर, उजेडात, नात ह्यांच्या मांडीवर बसली. तिच्या मुठीत ती तीन कणांची बाटली.

ह्यांनी डाव्या हाताने पाळी धरली. उजव्या हातात तार घेतली. हात थरथरत होता.

"इकडे ये," हे मुलाला म्हणाले. "माझं मनगट खालून धर. ढकलू नको. नुसतं धर."

मुलाने धरलं. ह्यांनी नातीला विचारलं, "दुखेल जरासं. टोचू?"

"जा," ती म्हणाली.

ह्या वेळी हे उठले नाहीत. सोनारदादाची बडबड सुरू झाली, पन्नास वर्षांची तीच, माकडाची आणि टोपीची नाही, आमच्या सराफ बाजारातल्या बोकडाची. बोकड पेढीची पायरी चढायच्या आत तार आरपार गेली होती. सरळ. मग दुसरा कान. नात रडली नाही. रडायचं ते सगळं मी आणि सूनबाईने रडून घेतलं.

नातीने आरशात बघितलं, चपट्या सुंकल्यावर बोट ठेवलं आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. सूनबाईने सांगितलं, ती म्हणते हे आजीचं, हे जास्त छान आहे.

ह्यांनी बत्ता पुसून माझ्या हातात दिला. चिमटा आणि कानस सुनेला परत केली. भिंग सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि मुलाने पुढे केलेला चहा घेतला.

"पुढच्या वेळी," मला म्हणाले, "दगड तरी गुळगुळीत घे."